नेच्याच्या अंगावरची गोधडी

पेनगॉलन, कॉर्नवॉल
९ जून

तीर्थस्वरूप टॅम्सिन वहिनींना,

धाकट्या दिराचा गुडघा जेवढा वाकतो तेवढा वाकून नमस्कार. तुमचा नवा खुबा कसा आहे? जिना चढता येतो म्हणालात, वाचून बरं वाटलं. लेक आणि जावई मजेत असतीलच. लीड्सचा चहा गढूळ असतो ही तुमची तक्रार मी इथे दोघाचौघांना वाचून दाखवली, सगळ्यांना तुमची आठवण आली. माझी तब्येत उत्तम. (खोकला आहे, पण तो तुम्ही जायच्या आधीपासूनचा, त्यामुळे नवीन काही नाही.)

आता मुद्द्यावर येतो. जानेवारीपासून मी तुम्हाला पाच पत्रं पाठवली आणि पाचांतही ‘बाग छान आहे’ असं लिहिलं. वहिनी, बाग छान नव्हती. फेब्रुवारीच्या पत्रात मी ‘घायपात जरा सुस्तावलंय’ असं लिहिलं होतं, तेव्हा त्या घायपाताचा उकडलेला कोबी झाला होता आणि मी त्याला फावड्याने बादलीत भरत होतो. जुलैच्या पहिल्या रविवारी गावाच्या बागा लोकांना बघायला खुल्या होतील, तुम्ही त्याच दिवशी येणार, आणि फाटकातून आत पाऊल टाकताच तुम्हाला सगळं दिसणारच. तेव्हा आधीच कबूल केलेलं बरं. शिव्या पत्राने घालाव्यात, फोनवर मला खोकला येतो.

चूक माझी एकट्याची नाही, गावाची आहे. आपल्या खोऱ्यात दव गोठत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, सभागृहातली ती पाटी तुम्हीच रंगवलीत. ऑक्टोबर आला की झाडांना पेंढा आणि पांघरुणं बांधणारी माणसं म्हणजे उपरी, उत्तरेकडून आलेली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याकडची केळ उघडी उभी राहते, ती राहिलीच पाहिजे, नाहीतर बागकाम मंडळात तोंड कसं दाखवायचं? शेजारच्या हिल्डा ऑकरॉइडबाई तीस वर्षं इथे राहून अजून ‘यॉर्कशरच्या नव्या बाई’च आहेत, ते दर हिवाळ्यात त्या झाडं बांधतात म्हणूनच. ‘आज पेशंट कसे आहेत?’ असं कुंपणाच्या भिंतीवरून विचारायची पद्धत तुम्ही पाडलीत आणि मी ती इमानेइतबारे पुढे चालवली.

ऑक्टोबरात त्यांनी मला भिंतीवरून सांगितलं होतं, की डेन्झिल, त्या झाडाएवढ्या नेच्याच्या वाळक्या झावळ्या कापू नका, त्या वर वळवून त्याच्या डोक्यावर बांधा आणि मध्ये पेंढा भरा. मी हसलो, आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या वाळक्या झावळ्या कापून टाकल्या. टापटीप दिसावी म्हणून. (कानाच्या पाळीपर्यंत केस कापल्यावर मी स्वतः कसा दिसतो हे माहीत असूनही.) झाडाचा स्वतःचा कोट होता तो, वहिनी. दादाने लग्नाच्या वर्षी तो बिनमुळाचा ओंडका घरी आणला आणि तुम्ही तो सरपणात टाकलात, ती गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. त्या ओंडक्याचं चाळीस वर्षांत झालेलं झाड, तुम्ही जाताना फक्त ‘नेच्याकडे बघ’ एवढंच म्हणालात, आणि मी त्याचा कोट काढून जाळला.

जानेवारीच्या बैठकीत हवामानाचा अंदाज चर्चेला आला. अध्यक्ष ट्रेगेन्झांनी तो वाचला, मंडळाने तो बहुमताने नामंजूर केला आणि आम्ही बिस्किटं खाऊन घरी आलो. शुक्रवारी पूर्वेचा वारा सुटला. शनिवारी सकाळी कुंड्यांतल्या जाड पानांच्या गुलाबासारख्या रोपांचा मुरंबा झालेला. मी पायजम्यावर बाहेर जाऊन किटलीतलं कोमट पाणी सगळ्यांच्या मुळाशी घातलं. (हे कुणाला सांगू नका. ते पाणी तासाभरात गोठलं, आणि मी त्यावरून पडलो.) रविवारी आपल्या केळीचा खांब हात लावताच आत गेला. सोमवारी दुपारी रेडिओ म्हणाला, आज रात्री उणे आठ. मी नेच्यापाशी उभा. माझ्या हातात दादाचा रेनकोट होता. तो मी झाडाला घातला, बटणं लावली, आणि पुढे काय करायचं ते कळेना म्हणून तिथेच उभा राहिलो. शेजारी मदत मागायला जायचं तर तीस वर्षांची थट्टा आड येत होती. लाज वाटत होती, हे सरळच लिहितो.

तेवढ्यात भिंतीच्या खिंडारातून हिल्डाबाई आल्या. पेंढ्याचं पोतं, सुतळी आणि दोन जाड गोधड्या. गोधड्या मी ओळखल्या, भिंतीवरून रोज दिसायच्या, त्यांच्या केळीच्या होत्या. मी म्हणालो, अहो नको, आमचं काही नाही, आपल्याला कशाला त्रास. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही नको म्हणत राहा, मी बांधते. शिडी धरा.’ मी विचारलं, मग तुमच्या केळीचं काय? ‘केळ अठरा वर्षांची आहे आणि हा चाळीसचा. शिवाय पेट्रॉक होता तेव्हा रोज सकाळी याच्याशी बोलायचा, मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. हलवू नका हो शिडी.’ दादा झाडाशी बोलायचा हे मला माहीत नव्हतं, वहिनी. तुम्हाला होतं?

मार्च, एप्रिल, नेचा तपकिरीच. मी रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहायचो आणि, दादाचं ते ऐकल्यापासून, हवापाण्याची चार वाक्यं बोलायचो. मे महिन्याच्या वीस तारखेला त्याच्या डोक्यात एक लव असलेली, आवळलेली मूठ दिसली. आज अशा सात आहेत. मी तिथेच गवतावर बसून रडलो आणि मग भिंतीपाशी जाऊन त्यांना सांगितलं. हिल्डाबाई ‘हं’ म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या परत येईपर्यंत मी पलीकडे बघितलं, तेव्हा लक्षात आलं की तुमच्या दोरीवरच्या कपड्यांवर भिंतीपलीकडून सावली टाकणारं ते त्यांच्या केळीचं पान आता नाही. केळ बुंध्यापर्यंत काळी पडली होती, त्यांनी एप्रिलातच खणून काढली. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी मात्र एप्रिलभर त्यांना नेच्याच्या प्रकृतीबद्दल सांगत होतो.

अशा माणसाचे आभार कसे मानू ते मला कळत नाही. मुरंब्याची बरणी नेऊन दिली, ती त्यांनी रिकामी करून धुऊन परत केली.

तुमचा आज्ञाधारक (ऑक्टोबर सोडून) दीर,
डेन्झिल

ता. क. बागकाम मंडळाने एकमताने ठरवलं आहे की यंदा गावात दव गोठलं नाही. जे झालं तो बाहेरगावचा वारा होता. मी विरुद्ध हात वर केला, पण खोकला आल्यामुळे तो मोजला गेला नाही.

ता. क. २. आता खरं काम. आपली केळ गेली, पण तिचा एक मुनवा, बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, तुम्ही जाताना कुंडीतून लीड्सला नेलात आणि काचेच्या खोलीत त्याला तीन मुनवे फुटलेत असं मार्चमध्ये लिहिलंत. अठरा वर्षांपूर्वी हिल्डाबाईंनी तुमच्याकडे एक मुनवा मागितला होता. ‘आधी तुमच्या पेशंटना घरी सोडा, मग बघू,’ असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून त्यांनी पोस्टाने एवढंसं रोप मागवून ती केळ वाढवली. येताना एक आणाल? आगगाडीत मांडीवर मावेल.

ता. क. ३. मी हे तुम्हाला लिहितोय हे हिल्डाबाईंना माहीत नाही. म्हणजे काल बोलता बोलता सांगितलं. ‘टॅम्सिन काही द्यायची नाही,’ म्हणाल्या. आज सकाळी भिंतीवरून बघतो तर जुन्या जागी नवा खड्डा खणून ठेवलेला, आणि शेजारी, ऐन जूनमध्ये, धुऊन घडी घातलेली गोधडी.