ऐतवारची वारी अन् शुक्रवारची सुट्टी

झरी, मंगळवार

व्यंकटा, तुझ्या अकलेचं काय करावं मला कळंना. बन्सीधर हैदराबादला कॉलेजात लागला तवा मी खंडोबाला नुसता नारळाचा नवस बोलायलते. तू मधीच तोंड घातलंस, ताई, पोरानं वर्षभर दर ऐतवारी पाच घरी पिठाची वारी मागावी म्हण. म्हणले. अन् तिथं सुट्टी असती शुक्रवारी, नमाजाच्या दिवशी, ऐतवारी कॉलेज भरतं, हे तुला आठवू नये? (मलाबी आठवलं न्हाई, पण मी देवाशी बोलायलते, तू मोकळा होतास.) असो. तुला आशीर्वाद. तुझ्या नर्मदाबाईचा गुडघा कसा हाय? तेल चोळायचं सोडू नको म्हणावं.

तर ऐतवारी सकाळी तिथं काचेच्या नळ्यात औषधं ओतायचा तास, अन् आपलं पोरगं झोळी घेऊन मास्तरांच्या दारोदार पीठ मागायलंय. हाजरी कमी पडली. कारकून म्हणला, इम्तिहानाला बसू देणार न्हाई. मी उठले अन् गाडीत बसले. (तुमच्या चुडाव्याच्या ठेसनात तुला बोलवणार होते, पण राग होता म्हणून खिडकी लावून घेतली.) नळ्यांचे मास्तर करीमुद्दीनसाहेब, त्यांच्या घरीच गेले. म्हणलं, साहेब, हमारा देव इतवार का हाय, उसको शुक्रवार समजता न्हाई. ते हसले न्हाईत. वारीत काय लागतं विचारलं, अन् आत आवाज दिला, तर त्यांची बेगम सूपभर ज्वारीचं पीठ घेऊन दारात. बन्सी मागं सरायला लागला. म्हणलं घे मुकाट्यानं, आपल्या खंडोबाला त्यांच्यातबी मल्लूखान म्हणत्यात, त्याला पीठ कळतं, घर न्हाई. मग साहेब म्हणले, शुक्रवारी नमाजानंतर मी कुलूप उघडतो, पोराचे बुडालेले तास तवा भरून घेऊ. तुमची सुट्टी जाती म्हणलं, तर म्हणले, सुट्टीला सासरे येत्यात, तास घेतलेला बरा. लय भला माणूस. आता हाजरी भरत आलीय, पोरगं इम्तिहानाला बसतंय. मला वाटतं पासबी होईल.

तुझी ताई, धुरपताबाई

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तंवर इम्तिहानाचं पत्रक आलं. दोन पेपर ऐतवारी सकाळीच. पत्रकासंगट करीमुद्दीनसाहेबांनी कळवलं, कुलूप माझ्या हातात हाय, इम्तिहान न्हाई. अन् वारी तर दुपारच्या आत, जेवायच्या आधी झाली पाहिजे. म्हणून वाघ्याला विचारून आले. भाच्याची वारी मामानं मागितली तर देवाला चालती. तवा ते दोन ऐतवार चुडाव्यात झोळी तू घ्यायची. अनवाणी, कपाळाला भंडारा. जरीचा मंदील बांधून मिरवायचं न्हाई.

आणखी एक. घरं ओळीनं पाच घ्यायची असत्यात, मधलं गाळायचं न्हाई. तिसरं आबासाहेबाचं येतंय, मला ठाऊक हाय. बांधावरून तुमचा सात वर्षं अबोला हाय, तेबी ठाऊक हाय. पोराचं वर्ष मोठं का बांध मोठा, तूच बघ. त्यांनी पीठ घातलं की येळकोट म्हणायचं अन् पुढं चालायचं. पुढल्या बुधवारच्या टपालानं हो म्हणून उत्तर आलं पाहिजे. न्हाई आलं तर गुरुवारी मी चुडाव्याला उतरते, अन् झोळी माझ्या हातानं तुझ्या गळ्यात घालते.