टॉन्सिल गेले, आवाज राहिला

४ फेब्रुवारी
मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. (मी त्याला इस्त्री म्हणतो. शर्टाला आणि थोबाडाला एकच इस्त्री.) म्हणाला, महिन्यात तिसऱ्यांदा तुझा घसा बसलाय. काल चादरींच्या सेलची अनाउन्समेंट केलीस की दाराच्या फटीत बोट अडकलं होतं? एकतर घशाचं कायमचं बघ, नाहीतर माईक सोड आणि चादरींच्या घड्या घालायला लाग.
घड्या! मी! तीन मजली दुकान, चमच्यापासून कपाटापर्यंत सगळं मिळतं, आणि जिन्याखालच्या खोपटात माईकसमोर बसून ते चालवतो कोण? इस्त्री फक्त सह्या करतो.

६ फेब्रुवारी
घशाच्या डॉक्टरने तोंडात बॅटरी मारली आणि स्वतःच दचकला. म्हणाला, टॉन्सिल आहेत की लिंबं? काढायलाच हवेत. लहानपणीच का नाही काढले? म्हटलं, शाळा बुडवायला लागायचे. हसला नाही. शिकलेल्या माणसांचं असंच असतं, हसायचं राहूनच जातं.
मोठ्या वयात जरा जास्त दुखतं म्हणाला. 'जरा' म्हणाला. लिहून ठेवतो.
दादा म्हणाला, काढतच आहेत तर जीभ पण काढायला सांग.

९ फेब्रुवारी, रविवार
इस्त्री स्वतः खोपटात आला. म्हणाला, सुट्टीवर जायच्या आधी सगळ्या अनाउन्समेंट रेकॉर्ड करून ठेव, दुकान मुकं नको.
आला ना लायनीवर! माझ्याशिवाय पंधरा दिवससुद्धा निघत नाहीत. दुकान बंद झाल्यावर बसलो, जीव ओतला. स्वागत, सेल, हरवलेली मुलं, दुकान बंद होतंय, सगळं. गोळ्या चघळून चघळून आवाज असा लावला की मलाच चादर घ्यावीशी वाटली. दुकानातल्या वायरमनने ते कॉम्प्युटरला जोडलं. आपोआप फिरत राहतं, आळीपाळीने.
मध्ये एक बॉम्ब पेरून ठेवला. वायरमनलाही कळलं नाही.
'ग्राहकांनो, चौथ्या मजल्यावर आमचे मॅनेजर अर्ध्या किमतीत उपलब्ध आहेत. एकदा घेतलेले मॅनेजर परत घेतले जाणार नाहीत.'
दुकानाला चौथा मजलाच नाही! परवा हा फुटेल, दुकान लोळेल, इस्त्री लाल होईल. पण करणार काय? आवाज माझा, आणि मी ऑपरेशन टेबलावर. पेशंटला कोण ओरडतं?
ठराव: परत आलो की कॅशवालीला चहाला विचारायचं. मागे ती म्हणाली होती, तुमचा आवाज अख्ख्या दुकानात जातो हं. उगाच म्हणतं का कोणी असं?

११ फेब्रुवारी
ॲडमिट. कॉटला पाटी लावली, 'तोंडाने काहीही देऊ नये'. ती काढून वॉर्डातल्या पाण्याच्या मशीनला लावली. दोन तास सगळा वॉर्ड तहानलेला, नातेवाईक हातात ग्लास घेऊन कुजबुजतायत. हसून हसून घसा कोरडा पडला म्हणून कँटीनमध्ये जाऊन चहा मारला.
सिस्टरने पकडलं. पोटात चहा असताना भूल देत नाहीत म्हणे. ऑपरेशन उद्यावर.
वहिनी ऑफिस बुडवून आली होती. म्हणाली, भाऊजी, तुम्हाला नाही, भूल आम्हाला द्यायला पाहिजे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
झालं.
'जरा'!

१३ फेब्रुवारी
थुंकी गिळायची म्हणजे ब्लेड गिळायचं. बोलायला बंदी. वहिनीने पाटी-पेन्सिल दिली.
शेजारच्या कॉटवर सात वर्षांची मुलगी. काल तिचेही तेच काढले. आज ती तिसरं आईस्क्रीम खात कॉरिडॉरमध्ये पळतेय. माझ्यासमोर थांबली, बघितलं आणि म्हणाली, काका, रडू नका, मोठे आहात ना?
काका! चोविसाव्या वर्षी!
रडत नव्हतो. डोळ्यांतून पाणी येत होतं.

१५ फेब्रुवारी
घरी. कानात ठणका. काढले घशातले, दुखतायत कान. डॉक्टर म्हणे, नस एकच असते. मग बिलात कान का नाही लावले?
फोन उशाशी. बॉम्ब एव्हाना फुटलाच असणार. इस्त्रीचा फोन आला नाही. रागाने बोटं थरथरत असतील, नंबर लागत नसेल.
पाटीवर वहिनीसाठी एक फर्स्टक्लास जोक लिहिला. तिने लांबूनच विचारलं, पाणी का? मान हलवून नाही म्हटलं. बरं, म्हणाली आणि गेली. पूर्ण पाटी भरली होती.

१७ फेब्रुवारी
आरशात बघितलं. घशात पांढरं साचलंय. डॉक्टर म्हणे, खपली आहे, बरं होतंय. वास मात्र असा की मीच माझ्यापासून तोंड फिरवून झोपतो.
दादा म्हणाला, या घरात टीव्हीवरच्या बातम्या आयुष्यात पहिल्यांदा सलग ऐकल्या. वहिनी म्हणाली, हो ना, किती बरं वाटतं. मी तिथेच बसलो होतो. मुका झालोय, बहिरा नाही झालो.
प्रेमाने म्हणत असतील.

२० फेब्रुवारी
फोन नाही. मुद्दाम गप्प बसलेत. परत गेलो की हार घालून सरप्राइज देणार. आपण मात्र काही माहीत नसल्यासारखा चेहरा करायचा. आरशात प्रॅक्टिस केली. जांभई आली आणि ब्रह्मांड आठवलं.

२४ फेब्रुवारी
बोलायला परवानगी. पहिलं वाक्य कॅशवालीसाठी राखून ठेवणार होतो, पण कामवाल्या मावशींच्या बादलीला अडखळलो आणि ते वाया गेलं.
आवाज पातळ येतोय. माझा वाटतच नाही, माझ्या लहान भावाचा वाटतो. मला लहान भाऊ नाही. डॉक्टर म्हणाला, काही दिवस वेगळा वाटेल, मग बसेल. बसायला नको म्हणून तर ऑपरेशन केलं ना!

२७ फेब्रुवारी
ड्युटीवर. इस्त्री केलेला शर्ट. (शर्टाला.) दारात पाय टाकतो तोच वरून दणदणीत स्वागत, 'या, या, आपलंच दुकान आहे!' माझंच. काय आवाज होता राव. अंगावर काटा आला.
हार नव्हता.
कॅशवालीकडे गेलो. म्हटलं, कसं काय, चुकल्याचुकल्यासारखं वाटलं का? म्हणाली, काय चुकलं? म्हटलं, मी सुट्टीवर होतो ना. म्हणाली, तुम्ही सुट्टीवर होता? रोज तर ओरडत होता! मग म्हणाली, सर्दी झालीय का, आवाज कसातरी येतोय.
चहाचं उद्या विचारू.
खोपटाकडे गेलो तर आत झाडू, फिनेल, बादल्या. माईक नाही. इस्त्री म्हणाला, कॉम्प्युटर छान चालतोय, चहा मागत नाही, आजारी पडत नाही. म्हटलं, साहेब, घसा कायमचा नीट करून आलो, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणाला, बरं केलंस, तब्येत महत्त्वाची. म्हटलं, मग निदान नवीन रेकॉर्डिंग करू. त्याने मला दोन वाक्यं बोलायला लावली. ऐकली. म्हणाला, नको, तो जुना माणूसच चांगला आहे.
जुना माणूस!
उद्यापासून चादरी, दुसरा मजला. तात्पुरतं आहे.

२८ फेब्रुवारी, दुपार
चादरीची घडी घालतोय, इस्त्री समोर उभा राहून सही करतोय, आणि वर लागलं, 'चौथ्या मजल्यावर आमचे मॅनेजर अर्ध्या किमतीत...' हातातली चादर सुटली. पळायचं कुठून ते बघून ठेवलं.
इस्त्रीने सही केली. खाली तारीख टाकली. पेनाला टोपण लावलं.
गिऱ्हाइकं भरपूर. एकानेही वर बघितलं नाही. पंधरा दिवस हे रोज लागत होतं!
राहवलं नाही. म्हटलं, साहेब, ऐकलंत का? म्हणाला, काय? म्हटलं, अनाउन्समेंट. म्हणाला, ती कोण ऐकतं? दुकानात नुसता आवाज चालू पाहिजे. शांत असलं की लोक भाव करत बसतात. डोक्याला कटकट झाली की हातातलं घेतात आणि निघतात. म्हणून तर तुला ठेवला होता.
चार वर्षं.

१ मार्च
एक बाई चादर बघत होत्या. वर बोट करून म्हणाल्या, अहो, हा कोण किंचाळतोय? बंद नाही का करता येत? म्हटलं, नाही हो, आपोआप चालतं. म्हणाल्या, घरच्यांचं काय होत असेल बिचाऱ्यांचं! आणि पहिलीच चादर उचलून गेल्या. भाव न करता.
तेवढ्यात चौथा मजला लागला. अख्ख्या दुकानात एकटा मी हसलो.
हसलं की अजून दुखतं.