बाशिंगातले दोन गोळे

किहीम, माघ वद्य तृतीया

तीर्थस्वरूप तुकाराममामांच्या पायांशी जावई बाळाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल (म्हणजे मी आणि शेळी). तुमच्या गुडघ्याला उतार पडला का?

रंगू माहेरी का आली ते तिनं सांगितलंच असेल, पण घडलं ते असं. शाळेला तपासनीस येणार, तेव्हा मुलांना विजेची ओढ आणि दुरावा करून दाखवावा असं मनात आलं. पुस्तक म्हणतं, भेंडाचे दोन हलके गोळे रेशमी दोऱ्यानं टांगा. भेंड कुठून आणू? वर पाहिलं तर आढ्याला आमच्या लग्नाची भेंडाची बाशिंगं. (दोन वर्षं धूळच खात होती, मामा.) एक गोळा माझ्या बाशिंगातून कापला, एक तिच्या. कंदिलाची काच चुलीशी शेकून कोरडी केली (इथल्या दमट हवेत वीज टिकत नाही), रेशमी खणानं घासली (तिच्याच) आणि दोन्ही गोळ्यांना लावली. गोळे झटकन दूर झाले! जवळ ढकलावे तर आणखी फटकून. मी आनंदानं रंगूला हाक मारली.

तिनं आधी गोळे पाहिले, मग आढं. "ह्यो तुमचा नि ह्यो माजा?" एवढंच विचारलं. मी मास्तर माणूस, खरं सांगितलं. वर समजावलंही, की दोघांत सारखीच वीज भरली की ते असेच पळतात. (हे बोलायला नको होतं.) "बाशिंगंच सांगतात, आपलं जमायचं न्हाय," म्हणाली आणि गाठोडं बांधलं.

तपासनीस येऊन गेले. त्यांच्यापुढे गोळे ढिम्म हलले नाहीत, कारण काच घासायचंच मी विसरलो. घर खायला उठतं, मामा. पुस्तकात आणखी एक नियम आहे: अंतर दुप्पट झालं की गोळ्यांमधला जोर चौथाईवर येतो. किहीमपासून तुमचं तळा गाव एवढं लांब, त्या हिशेबानं मला आता काहीच वाटायला नको. हिशेब दोनदा तपासला. नियम भेंडापुरताच खरा असावा.

आपला,
बाळाजी

ता. क. गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांधावा.

आणखी एक ता. क. मामा, तुम्हांला अक्षरओळख नाही आणि तुमच्या घरात वाचणारी एकटी रंगू (मीच शिकवलं), हे ठाऊक असूनच सगळं लिहिलं. बायकोला सरळ पत्र घालायची आपल्यात रीत नाही. रंगू, यापुढचं मोठ्यानं वाचू नकोस. प्रयोग अर्धाच राहिलाय. एका गोळ्याला काचेची वीज द्यायची, दुसऱ्याला घोंगडीवर घासलेल्या लाखेची. मग दोघे धावत येऊन भेटतात म्हणे. एकट्यानं करून बघायचा धीर होत नाही. नाही भेटले तर? ये लवकर.