मापात पाप

मुलींचे वसतिगृह
दि. १२ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि. मी पोचले, पेटी पोचली, फक्त तू दिलेला टूथब्रश बसमध्ये राहिला. दंतवैद्याच्या भाचीला हे शोभत नाही, म्हणून आईला सांगू नकोस.

आमचा वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. कमरेएवढी उंच टेबलं, खिडकीखाली ओळीनं शिवणयंत्रं आणि कोपऱ्यात बिनडोक्याचे पुतळे. म्हणजे खरंच डोकं नसलेले. आमचं तसं अजून कुणी तोंडावर म्हटलेलं नाही. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी रंगीत पेन्सिली मिळतील. मिळालं ते कोऱ्या कापडाचं एक थान आणि सरळ रेषेत टीप मारायचा हुकूम. तेव्हापासून आम्ही सरळ रेष शिवतोय. आमच्या बाई उंच आहेत, कमी बोलतात आणि हातात कायम उसवायचं हत्यार असतं. माझी टीप पाहून म्हणाल्या की ही रेष मध्येच पाणी प्यायला गेलेली दिसते. मग सगळी उसवली.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. बारावीनंतर मी फॅशन डिझाइनचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, कापड कापायला कॉलेज कशाला, घरचे पडदे तर तू कॉलेजशिवायच कापलेस. मग आईनं दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे एका वर्षाची मुदत मिळाली. पहिल्या वर्षी पास झाले नाही तर मुकाट्यानं घरी यायचं आणि रसायनशास्त्राला प्रवेश घ्यायचा. वजनमापांचे निरीक्षक म्हणून ते दुकानदारांनाही अशीच मुदत देतात ना, तराजू दुरुस्त करून आण नाहीतर सील ठोकतो. सध्या मी तो तराजू आहे.

घरी दोन पत्रं टाकली. आईचं उत्तर आलं. त्यात बाबांचे आशीर्वादही आईच्याच अक्षरात होते. ते माझ्याबद्दल काय बोलतात तेवढं कळव. गोड करून सांगू नकोस, दात किडतात.

बाकी लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.
तुझी,
कात्री


दवाखाना
दि. २१ जुलै

चि. कात्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून वाचलं. तो बिचारा अर्धा तास आ वासून बसला होता आणि मध्ये मी हसलो तेव्हा त्याला वाटलं, त्याच्या दाढेत काही विनोदी सापडलं.

भाऊजींचं विचारलंस. कुणी विचारलं तर मुलगी बाहेरगावी शिकते एवढंच सांगतात. काय शिकते असं पुढे विचारलं की घड्याळ बघतात. परवा शेजाऱ्यांनी इंजिनिअरिंग का म्हणून विचारलं, तर म्हणाले, तसंच काहीतरी, मोजमापाचं. माझ्यासमोर म्हणाले म्हणून मी खोकलो, तर मला घसा दाखवून घे म्हणाले. रागावलेले नाहीत, हे लक्षात ठेव. जे तराजूत घालता येत नाही त्यावर विश्वास बसायला या माणसाला वेळ लागतो. तुझ्या आईवर बसायलाही लागला होता.

माझं बरं चाललंय. दात कोरून पोट भरत नाही म्हणणाऱ्यानं माझा दवाखाना पाहिला नसावा.

रेष सरळ शिव. जीभ वाकडी राहिली तरी चालेल.
तुझा,
मामा


मुलींचे वसतिगृह
दि. ९ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि. यंदा मी कात्रीत सापडले आहे, हा विनोद तू करायच्या आत मीच केला.

वर्षाअखेरचं काम जाहीर झालं. पन्नाशी ओलांडलेल्या नातेवाइकासाठी कोट शिवायचा आणि त्या नातेवाइकानं तो घालून परीक्षकांसमोर मंचावर चालायचं. बाई म्हणाल्या की पुतळ्याला काहीही बसतं, त्याला पोट नसतं आणि मतही नसतं. निम्मे गुण कोट अंगावर कसा बसतो याला. माणूस आलाच नाही तर ते निम्मे गुण शून्य, आणि मग रसायनशास्त्र.

मी आधी बाबांनाच विचारलं, आईकरवी. उत्तर आलं की मी काय पुतळा आहे का. तेव्हा आता तूच. तू शिडीसारखा सरळ आहेस, तुला कोट शिवणं म्हणजे छत्रीला कव्हर शिवणं. सोबतच्या कागदावर कुठं कुठं मोजायचं ते चित्र काढून दिलंय. श्वास आत ओढून मोजू नकोस. एरवी कुठेही खोटं बोल, मापात पाप नको.

उत्तराची वाट बघत,
कात्री


दवाखाना
दि. २५ जानेवारी

चि. कात्रीस अनेक आशीर्वाद.

मापं सोबत पाठवतोय. उशीर झाला कारण माप घेणं वाटलं तितकं सोपं निघालं नाही. आकडे पाहून दचकू नकोस. तू गेल्यापासून माझं संध्याकाळचं फिरणं सुटलं, त्यात थंडी, त्यात तुझ्या आईचा आग्रह. माणूस पसरतो. उंची कमी वाटली तर दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघण्याचा तो परिणाम समज.

रंग राखाडी ठेव. चकाकणारं काही नको, झालर नको, पाठीवर पाखरं नकोत. मला आवडली असती, पण वय झालं.

शंका विचारू नयेत ही विनंती आणि आशीर्वाद.
मामा


मुलींचे वसतिगृह
दि. २२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि. तुझ्या मापांचा कागदी साचा टेबलावर पसरला तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली की तुझे मामा पैलवान आहेत का. मी म्हटलं, हल्लीच झाले.

शंका विचारत नाही. फक्त नोंद करते की उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. दात उपटायच्या चिमट्याला इतकं वजन असतं हे मला माहीत नव्हतं. मान तर तू बहुधा गहाण टाकलीस. बाईंना मात्र हे शरीर फार आवडलं. त्या म्हणाल्या, सरळसोट माणसाला कोट शिवून कुणी शहाणं होत नाही. त्या खांद्यासाठी मी अस्तराखाली पातळ गादी भरली आहे, बाहेरून कळणार नाही. बाही जिथं खांद्याला जोडतात तो मुंढा तीनदा उसवला. एकदा सुईनं बोट शिवलं, तेवढी टीप मात्र एकदम सरळ आली.

कोट पार्सलनं पाठवतेय. घालून बघ आणि वीस मार्चला सकाळी अकराच्या आत ये. मामा, ही एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नकोस. मला इथंच राहायचं आहे. पहाटे वर्ग उघडायच्या आधी मी दारात उभी असते, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी,
कात्री


हस्ते: पिशवी आणणारे गृहस्थ
दि. २० मार्च

चि. कात्रीस अनेक आशीर्वाद.

मी येत नाहीये. ओरडायच्या आधी, हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं त्यांच्याकडे एकदा नीट बघ. मापं त्यांची आहेत.

जानेवारीत भाऊजींची दाढ दुखायला लागली हे माझं भाग्य. मी जबडा बधिर केला, तोंडात कापूस भरला आणि सांगितलं की औषधाचा डोस अंगमापावर ठरतो. छाती, पोट, कंबर खुर्चीतच उरकली. पाठीसाठी उभं केलं, चक्कर येते का बघायला म्हणून. त्यांना बोलता येत नव्हतं, पण टेपकडे बोट दाखवून तिच्यावर खात्याचा शिक्का आहे का असं हातवाऱ्यांनी दोनदा विचारलंच.

काल त्यांना म्हटलं, कोट मला ढगळ होतो, माझ्याकडे उद्या चार दाढा उपटायच्या आहेत, तुम्ही तेवढा पोरीला परत देऊन या. रजा टाकून निघाले. त्यांना यातलं काहीही माहीत नाही, तेव्हा पुढचं तू सांभाळ. माझी चाल इथवरच.

दोघांना गंडवल्याच्या आनंदात,
मामा


मुलींचे वसतिगृह
दि. २३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि. पास झाले. निकाल आधी सांगितला, नाहीतर तू शेवटची ओळ आधी वाचशील.

बाबा साडेदहाला दारात उभे. पिशवी दिली, तुझं पत्र दिलं आणि म्हणाले की परतीची बस दीडला आहे. मी पत्र वाचलं आणि घडी घातली. तेवढ्यात बाई आल्या आणि कोट कोण घालणार म्हणून विचारलं. मी सांगितलं, मामा आलेला नाही. त्यांनी वहीत काही लिहायला पेन उघडलं. बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, पिशवीतून कोट काढला आणि आधी डावा, मग उजवा हात घातला. मामा, खांदे सरळ दिसले. मी त्यांना सरळ खांद्यांचं कधी पाहिलंच नव्हतं.

इतर नातेवाईक मंचावर हसत, हात हलवत चालले. बाबा हात पाठीमागे बांधून चालले, बाजार तपासायला निघाल्यासारखे. परीक्षकांच्या टेबलापाशी थांबले, त्यांची मापाची टेप उचलली आणि खिशातली पोलादी पट्टी तिला लावून पाहिली. म्हणाले, ही टेप ताणली गेली आहे, हिनं मोजाल तर सगळ्या मुलांचं नुकसान होईल. सभागृह हसलं, ते हसले नाहीत. परीक्षकांनी निमूट नवी टेप मागवली आणि सगळे कोट पुन्हा मोजले. माझी मापं तंतोतंत निघाली. पहिला नंबर एका मुलीच्या आजोबांना गेला, ते नाचले म्हणून. पण कोट बसण्याचे गुण मला पुरेपूर.

नंतर आम्ही जिन्यात बसून चहा प्यायलो. बाबा म्हणाले, तिसरं काज वाकडं आहे. आहेच. मग माझं शिवणयंत्र कुठलं ते विचारलं आणि वर जाऊन पाहून आले. बस त्यांची चुकली, पुढच्या बसनं गेले. जुलैत मला बसमध्ये बसवून न वळता गेले होते, या वेळी वळून पाहिलं.

आणि आता तुझ्या आनंदाला एक छोटी टाचणी. मला फेब्रुवारीतच कळलं होतं. खांद्याचा साचा कापताना हात थांबला. लहानपणी बाबांबरोबर बाजारात जायचे तेव्हा डाव्या खांद्यावर मी आणि उजव्यावर वजनांची पेटी असायची. पण तू इतका रंगात आला होतास की मोडवेना.

लोभ आहे तसाच ठेव, शिलाई मागू नकोस.
तुझी,
कात्री


घर
दि. ३१ मार्च

चि. मुलीस आशीर्वाद.

पत्रास कारण की, कोट तुझ्या मामाचा असल्याने तो त्याला परत करणे भाग होते. रविवारी तुझ्या आईसमक्ष त्याच्या अंगावर चढवून पाहिला. खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. माल वर्णनाबरहुकूम नसेल तर जप्त करण्याचा मला अधिकार आहे. त्यानुसार कोट जप्त केला असून सध्या माझ्या अंगावर आहे.

कचेरीत साहेबांनी विचारलं, कुठून घेतला. मी सांगितलं, मुलीनं शिवला, ती फॅशन डिझाइन शिकते. त्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. नंतर शिपायालाही सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

मुदतीचा विषय मी बंद केला आहे. वर्गाच्या दारात पहाटे उभी राहतेस असं तुझ्या बाईंकडून कळलं. स्वेटर घालत जा. तिसरं काज सुट्टीत नीट करून दे, तोवर ते बटण मी लावत नाही.

तुझा मामा दवाखान्यात बसून येईल त्याला सांगतो आहे की त्यानं मला गुंगवलं. सांगू दे, त्याचा तेवढाच विरंगुळा. भूल त्यानं माझ्या जबड्याला दिली होती, डोक्याला नव्हे. औषधाच्या डोससाठी कुणी बाहीची लांबी मोजत नाही. हात मीच सरळ धरला होता.

बाबा