एर्विनच्या जटा

रॉटरडॅम, ९ मे २०२०

ती. वसुधाआत्यास, वैदेहीचा सा. न. वि. वि.

पोस्टाचा भरवसा नाही म्हणून ईमेल करतेय, पण मायना पाहिजेच, नाहीतर तू उत्तर द्यायची नाहीस. मी ठणठणीत आहे. इथले न्हावी मार्चपासून बंद. व्हिडिओ मीटिंगमध्ये आमचा मॅनेजर टोपी घालूनच बसतो.

आता मुद्दा, आणि बसून वाच. माझ्या वरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी बास गिटार वाजायची. माझ्या कपाटातल्या वाट्या नाचायच्या. शेवटी पदर खोचून भांडायला वर गेले. एर्विननं दार उघडलं आणि दीड मीटर मागे सरकून इतकी मनापासून माफी मागितली की भांडण राहिलं बाजूला. जिन्यात बसून त्याचं रेगे संगीत ऐकून आले. मग रोजच जायला लागले. आत्या, मला त्याच्याशी लग्न करायचंय.

तो मूळचा सुरिनामचा. बंदरात क्रेन चालवतो. रास्ताफारी पंथाचा आहे. मांस नाही, दारू नाही, जेवणात मीठसुद्धा नाही. इथियोपियाच्या सम्राटाला देव मानतो आणि अख्खी आफ्रिका एक व्हावी म्हणून गाणी रचतो. चिलीम ओढतो का, हे तू विचारशीलच. दम्यामुळे सोडली. आता राहिली एकच गोष्ट, ती तुला कशी सांगू? त्याला कमरेपर्यंत जटा आहेत.

आई गेल्यापासून माझं सगळं तूच केलंस. तू हो म्हटल्याशिवाय मी हे लग्न करणार नाही. राग आला तर खुशाल रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वैदेही

सातारा, १७ मे २०२०

चि. वैदेहीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

धन्य आहेस! शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी खेडोपाडी बायकांच्या जटा सोडवत फिरतेय. देवीची जट म्हणून बिचाऱ्या ते ओझं वागवतात. मान धरते, उवा होतात, तरी कापली तर घरात कुणी दगावेल म्हणून रडतात. आणि माझ्याच भाचीनं जटावाला शोधावा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्याबरोबर गावोगाव येणाऱ्या कीर्तीला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिचा मास्क हनुवटीवर आला.

तू पाठवलेलं त्याचं गाणं ऐकलं. मी हातानं ठेका धरला, पण हे लोक समेवर वाजवतच नाहीत! मी टाळी देतेय आणि तिथे नुसती शांतता. पुन्हा पुन्हा फसले. शेवटी पाय आपोआप हलायला लागला, हे त्याला सांगायची गरज नाही.

आफ्रिका एक करायला निघालेत, उत्तम. आधी त्यांच्या बँडमध्ये चहावर तरी एकमत होतं का, ते कळव.

माझं उत्तर तूर्तास नाही असंच समज. त्याला एकदा व्हिडिओवर बसव. त्या बायकांना विचारते तेच प्रश्न मी त्यालाही विचारणार. तब्येत जप. लोभाचं म्हणशील तर तो आहे तिथेच आहे, वेडे.

तुझी आत्या

रॉटरडॅम, ६ सप्टेंबर २०२०

ती. आत्यास सा. न.

परवाचा तुझा व्हिडिओ कॉल म्हणजे तोंडी परीक्षाच होती! मान दुखते का, जट कुणी वाढवायला सांगितली, उवा होतात का? मला उवांना डच शब्द आठवेना, म्हणून मी डोकं खाजवून दाखवलं. कापायची भीती वाटते का, या प्रश्नावर तो म्हणाला की डोक्याला थंडी वाजेल, बाकी काही नाही. त्याच्या पूर्वजांना गुलाम करून जहाजातून नेलं तेव्हा त्यांचं नाव, भाषा, देव सगळं हिरावून घेतलं. म्हणून निदान केस तरी आपल्या मर्जीनं ठेवायचे, असं त्यानं कळत्या वयात स्वतः ठरवलं. यावर तू नुसतं बरं म्हणून फोन ठेवलास. त्या बरंचा अर्थ काय, हे तो मला सकाळ-संध्याकाळ विचारतोय. मी काय सांगू?

बँडचं विचारलं होतंस. ड्रमवाला केप व्हर्दचा, गिटारवाला घानाचा, गाणारी क्युरासाव बेटावरची. चहात दूध घालायचं की नाही यावरून रोज भांडतात, पण वाजवायला बसले की एक. आता आपल्या लोकांचं ऐक. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी गणपतीत ऑनलाइन आरती ठेवली आणि ती कुणी सांगायची यावरून दोन गट पडले. दोन गट, दोन लिंक! मी एक लॅपटॉपवर लावली, दुसरी फोनवर. एर्विन मागे बसून दोन्हींना पुरेल असा बास वाजवत होता. हळूहळू दोन्हीकडच्या टाळ्या एका लयीत आल्या. महाराष्ट्राची एकी माझ्या स्वयंपाकघरात झाली आणि कुणाला पत्ताही नाही.

मी हसतेय खरी, पण जीव टांगणीला लागलाय. बरंच्या पुढचं काहीतरी लिही. लोभ आहेच, तो शब्दांतही येऊ दे.

वैदेही

सातारा, १४ मार्च २०२१

चि. वैदेहीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

इतके महिने तुला लटकवलं. पण आता जे घडलंय ते ऐक. इथे जवळच्या गावात शर्मिला म्हणून एक तरुण सून आहे. तिच्याकडे किती खेटे घातले, पण ती जट कापू देईना. गेल्या आठवड्यात तिनं मला सुनावलं की बाई, तुमच्या डोक्यावर कधी जट होती का? मग मी हट्टाला पेटून तिच्या अंगणातूनच एर्विनला व्हिडिओ लावला. तो डबा खात होता. कीर्ती इंग्रजीतून दुभाषी.

सुरुवातीला दोघं केस धुवायचे कसे, कुशीवर झोपायचं कसं, यावरच बोलत बसले. जुन्या मैत्रिणी भेटल्यासारखे! मग शर्मिलानं त्याला विचारलं, कापायला भ्यायला होतं का? तो म्हणाला, या मी हौसेनं ठेवल्यात. भीतीनं ठेवल्यात असं कळलं असतं तर त्याच दिवशी कापल्या असत्या.

शर्मिलानं आपली जट हातात धरून पाहिली. मग मला म्हणाली, काढा कात्री.

जट उतरल्यावर पोरीनं मान इकडून तिकडे फिरवली आणि जी हसत सुटली ती थांबेना. एर्विननं तिकडून गाणं लावलं. शर्मिला नाचली, कीर्ती नाचली, आणि गुडघे दुखत असताना मीही. घरात कुणी दगावलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी म्हैस व्यायली. सासू आता ते श्रेयही देवीलाच देतेय.

घरी येताना मात्र माझं हसू मावळलं. ती पोर देवीला भीत होती आणि तू मला. दहा महिने तू माझ्या होकारासाठी अडून राहिलीस, आणि मी गावोगाव बायकांना सांगत होते की तुमचं तुम्ही ठरवा. मला फार वाईट वाटलं गं. म्हणून मी आता हो म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाहीच. तुला तो आवडतो ना? मग मला विचारू नकोस, तारीख कळव.

लस टोचून घेतली आहे, विमानं नीट सुरू झाली की निघते. एर्विनलाही आशीर्वाद सांग. मला लोभात ठेवा.

तुम्हा दोघांची,
आत्या