बरणी चौकटीबाहेर गेली

३ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा नमुनाही परत! रडू यायला हवं, पण त्याआधी रागच येतो.

मार्गदर्शक मॅडमनी — वर्गात त्यांचं नाव 'का'मॅडम, कारण दर वाक्यामागे त्यांचा 'का?' असतोच — माझं झाकण उघडायचं अवजार दोन बोटांत धरलं. कोणासाठी आहे? अंगठ्याचे सांधे दुखणाऱ्यांसाठी, मी म्हटलं. म्हणजे नेमकं कोणासाठी? मग सांगावंच लागलं — आईसाठी. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. घट्ट बरणी समोर आली की झाकणाला हात लावायच्या आधीच तिचा चेहरा आक्रसतो.

मग आई काय म्हणाली या नमुन्याबद्दल?

"छान आहे म्हणाली."

"छान हे उत्तर नव्हे. नको असलेल्या पाहुण्याला गोड बोलून वाटेला लावतात, तसं आहे ते."

वर्ग हसला. सगळ्यात जोरात लंबू हसला, ज्याने बनवलेल्या खुर्चीवर अजून कोणी धड बसू शकलेलं नाही. मार्चअखेर अंतिम परीक्षण. तोवर हे चाललं नाही तर प्रॉडक्ट डिझाइनचं शेवटचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. स्टुडिओच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून ठेवलंय — 'वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवा.' ठेवते ना! पण मध्यभागी बसवलेली बाई तोंड उघडेल तर ना.

५ फेब्रुवारी, बुधवार

आईला समोर बसवून विचारलं. पट्टा बोचतो का? नाही. दांडा जड वाटतो? नाही गं, छान आहे. काय बदलू? तुला वाटेल ते बदल.

पालथ्या घड्यावर पाणी!

खरं तर आमच्या घरात सरळ उत्तर द्यायची पद्धतच बंद पडलीय. गेल्या वर्षी दादा चांगली नोकरी सोडून दुसऱ्या शहरात निघाला, तेव्हा बाबा 'जा मग' एवढंच म्हणाले. तो गेला. आईचं म्हणणं, बापाने अडवायला हवं होतं. बाबांचं म्हणणं काय ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून दोघांचा अबोला. कडाक्याचं भांडण झालं असतं तर आठवड्यात मिटलं असतं.

आणि मधे मी. 'बाबांना सांग, पाणी तापलंय.' 'आईला सांग, ऐकलं.' बाबा तिथेच बसलेले असतात, हात लांब केला तर लागतील एवढ्यावर! कधीकधी वाटतं, एकाचा निरोप दुसऱ्याला मुद्दाम उलटा द्यावा. निदान ओरडतील तरी एकमेकांवर.

९ फेब्रुवारी, रविवार

मॅडमचा हुकूम — विचारू नकोस, बघ. मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते, मग बघणार कधी? म्हणून ओट्यावरच्या फळीला छोटा कॅमेरा बसवला. हालचाल झाली की आपोआप चालू होतो.

आईच्या अटी दोन. चेहरा यायला नको, केस विंचरलेले नसतात. आणि आवाज नको, कारण काम करताना ती स्वतःशी काहीबाही बोलते. मान्य. मला तरी कुठे चेहरा हवाय? मला हात हवेत. चौकट ओट्यावर नेमकी बसवली, मनगटापासून बोटांपर्यंत. बाबा दारात उभे राहून बघत होते. एवढ्यासाठी कॅमेरा कशाला, म्हणाले. मला म्हणाले की भिंतीला, कळलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

थ्रीडी प्रिंटर बंद. दुरुस्तीवाला रजेवर. मीही जाऊ का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आठवड्याभराचं चित्रण बसून पाहिलं. एक गोष्ट कळली — आई माझं अवजार वापरतच नाही! मी समोर असले की काढते, मी गेले की खणात. 'छान आहे' म्हणे.

बाकी चित्रण म्हणजे डोकेदुखी. कॉफीची बरणी येते, जॅमची येते. आई झाकणावर हात ठेवते, थोडा जोर लावते, सोडून देते. मग बरणी डावीकडे चौकटीबाहेर जाते आणि थोड्या वेळाने उघडलेली परत येते. या सगळ्या फिती मी बाद केल्या. जे चौकटीत नाही ते मोजणार कसं?

'का'मॅडमनी बाद फितींचा ढीग पाहिला. "एवढ्या बाद का?"

बरणी बाहेर गेली म्हणून, मी म्हटलं.

"कुठे गेली?"

माहीत नाही. टेबलावर आपटत असेल, गरम पाण्यात धरत असेल. लोक करतात तसं काहीतरी.

"शोध," म्हणाल्या आणि लंबूच्या खुर्चीकडे वळल्या.

शोध काय शोध! दिवस किती उरलेत? मला अवजार बनवायचंय, हेरगिरी करायची नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज आईने तक्रार केली! पहिली खरी तक्रार. मात्र माझ्या अवजाराबद्दल नव्हे, बाबांबद्दल. संध्याकाळी स्वतःची कॉफी करून झाली की ते झाकण असं आवळून ठेवतात की सात जन्माचं वैर असावं. जन्मभर पाणीपुरवठ्यात फिटर होते. नळ काय नि बरणी काय, त्यांच्या हाताला फरक कळत नाही.

मग सांग ना त्यांना हलकं लावायला, मी म्हटलं.

"तू सांग."

सांगितलं. बाबा म्हणाले, "हवा जाते आत. कॉफी सादळते." झालं. निरोप्याचं काम संपलं. आज जेवताना एकूण बोलणं — मीठ दे.

६ मार्च, गुरुवार

चौथा नमुना. झाकणाभोवती जाड रबरी पट्टा, त्याला वीतभर दांडा. अंगठ्याचं काहीच काम नाही, दांडा तळव्याने ढकलायचा. पट्टा निसटतो. दिवसभर वेगवेगळं रबर कापून बघितलं. बोटांना वास येतोय, साबणाने जात नाही.

१५ मार्च, शनिवार

उघडलं!!

आईने एका ढकलण्यात जॅमची बरणी उघडली. मग मध. मग, कोणी सांगितलं नसताना, गेल्या वर्षीपासून फळीवर पडलेली एक चिकट बाटली. चेहरा आक्रसला नाही. ती 'छान' म्हणाली नाही! म्हणाली, "दांड्याचं टोक जरा गोल कर, तळव्याला लागतं." मी तिला मिठीच मारली. एका तक्रारीसाठी किती वाट पाहायला लावली या बाईने.

बाबा टेबलाशी पेपर वाचत होते. पान उलटलं नाही त्यांनी बराच वेळ.

२० मार्च, गुरुवार

मॅडमनी बारीकसारीक काढलंच. अवजार उलटं धरलं तर झाकण घट्टही होतं. हे का? सहजच होतं मॅडम, पट्टा दोन्ही बाजूंनी धरतो. मग एक बाजू बंद कर, म्हणाल्या, ज्यांचे अंगठे दुखतात त्यांना झाकण आवळायचं कशाला असेल? वापरणाऱ्याला नको ते ठेवू नये.

पटलं. पण तेवढ्यासाठी साचा नव्याने करायचा? माझ्या आधीच नाकी नऊ आलेत. तसंच ठेवलं.

२८ मार्च, शुक्रवार

पास! नुसती पास नाही, बाहेरच्या परीक्षकांनी स्वतःची पाण्याची बाटली काढून उघडून पाहिली आणि हसले. मी फलकावर लिहिलं होतं, 'आता त्यांना कोणाच्या मदतीची गरज नाही.' ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. लंबूच्या खुर्चीवरही कोणीतरी बसलं, जपून.

अवजार आईला देऊन टाकलं. तिने ओट्याशेजारच्या खिळ्याला टांगलं. खणात नाही!

२ एप्रिल, बुधवार

सगळं झालंय. तरी घरात जीव रमत नाही. काय बिनसलंय ते कळत नाही. आधी निदान निरोप तरी असायचे, आता तेही नाहीत. बाबा दिवसभर टेबलाशी बसतात, आई ओट्याशी. आई म्हणाली, हल्ली ते झाकण आणखीच आवळायला लागलेत. पण तिला आता काय त्याचं? एक ढकलणं, काम तमाम.

४ एप्रिल, शुक्रवार

बाबा माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत. खिडकीची कडी हलवून पाहिली, ठीक होती. माझ्या टेबलावरचे स्क्रू डबीत भरले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आईला आता बरण्या उघडता येतात ना सगळ्या?"

सगळ्या, मी ऐटीत म्हटलं.

"हं. बरं झालं." स्क्रूची डबी बंद केली. "अंगठ्याला आराम आहे ना पण?"

आहे म्हटलं. तर मान हलवून गेले. पाठ जरा वाकल्यासारखी दिसली. आजारी आहेत का?

५ एप्रिल, शनिवार

माझ्यासारखी मूर्ख शोधून सापडणार नाही.

बाद फिती आज पुन्हा लावल्या. सगळ्या. बरणी डावीकडे जाते. डावीकडे काय आहे? टेबल. टेबलाशी कोण असतं दिवसभर? बहुतेक फितींत काही दिसत नाही. पण एकीत, कॅमेरा जरा सरकला असावा, टेबलाच्या कडेवर हात येतो. अंगठ्याचं नख फुटलेलं, पान्याखाली सापडून फुटलं होतं तेच. आई बरणी त्या हातापुढे ठेवते. हात झाकण उघडतो. बरणी लगेच परत येत नाही. आईचा हात तिथेच, टेबलाच्या कडेवर थांबलेला असतो. दोघांचे हात, मधे बरणी. मग ती बरणी घेऊन परत येते.

रोज! दिवसातून तीन-चारदा! एक शब्द न बोलता ते रोज बोलत होते, आणि मी त्यावर लाल खूण करून 'बाद' लिहीत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. ते झाकण एवढं आवळायचे ते कॉफी सादळू नये म्हणून नव्हतंच. आणि आई अवजार खणात ठेवायची ते वाईट होतं म्हणून नव्हे. तिला ते नकोच होतं.

आणि मी काय केलं? 'आता त्यांना कोणाच्या मदतीची गरज नाही.' हातभर अक्षरांत!

पुन्हा पुन्हा तेच डोक्यात. वापरणारी एक नव्हती, दोघं होते.

८ एप्रिल, मंगळवार

आईकडे अवजार परत मागितलं. कॉलेजच्या प्रदर्शनात हवंय म्हणून थाप मारली.

आईने नाही दिलं. अंगठे पुढे केले माझ्यासमोर. "सूज उतरलीय बघ. रात्री ठणकायचे ते थांबलेत. खरं सांगते, छान-बिन म्हणत नाही."

खरंच उतरलीय! मग आता काय करू? परत घेतलं तर तिचे अंगठे, राहू दिलं तर ते दोघं. मला हे कोणी शिकवलेलं नाही. 'का'मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मग त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरी विचारून कोणी सांगत नाही. त्या हसल्या, पण नेहमीसारखं नाही. आता तू काही करू नकोस, म्हणाल्या. डिझाइन करणाऱ्याने कधीतरी खुर्चीत गप्प बसावं.

मला गप्प बसता येत नाही, हाच तर माझा प्रॉब्लेम आहे. कॅमेरा मात्र काढून टाकला.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी पाणी प्यायला गेले आणि दारातच थांबले. आईने खिळ्यावरून अवजार काढलं, उलटं धरलं, आणि कॉफीच्या बरणीचं झाकण दांडा ढकलून ढकलून आवळलं. अवजार परत खिळ्याला टांगलं. बरणी टेबलावर बाबांपुढे ठेवली.

"अहो, हे उघडत नाहीये."

बाबांनी खिळ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. दोन्ही हातांनी धरली.

"खरंच घट्ट आहे गं," म्हणाले. "बस जरा, वेळ लागेल."