त्रेसष्ट दारांवर दिलेला माझा शब्द

मी, त्लाली अब्राम मोकितिमी, वय वर्षे सत्त्याहत्तर, रेल्वेच्या पार्सल खात्यातून निवृत्त, राहणार घर क्रमांक ११४८, मेकेलेंग वस्ती, फिक्सबर्ग, आपल्याच स्वयंपाकघरात टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीवर आणि अक्कलहुशारीने हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांच्या मते माझी छाती कामातून गेली आहे. डोक्याविषयी त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घरात मी एकटाच असतो आणि दबाव आणायलासुद्धा माणूस लागते. २००९ साली केलेले मृत्युपत्र मी आज रद्द करतो. ते मला ज्याने टाइप करून दिले होते, त्याचा उल्लेख पुढे येईलच. हे मात्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दुसऱ्याने तयार केलेल्या कागदावर सही करण्याची माझी हौस फिटली.

कलम १. माझी मुलगी नथाती, नर्स, राहणार किंबर्ली, हिने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. तिचे पहिले काम असे की, मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः बँकेत जाऊन माझे खाते बंद करावे. "फोनवरून होईल" असे कोणी सांगितले तर ऐकू नये. काउंटरवर उभे राहून शिक्क्याचा कागद घेतल्याशिवाय हलू नये. कारण असे की, ज्या पेपरचा मी वर्गणीदार आहे तो पेपर दर महिन्याला पेन्शन जमा झाली की मी अंथरुणातून उठायच्या आत आपले पैसे उचलतो. २०२० पासून त्यांचा छापील अंक आमच्या वस्तीत येत नाही. फोनवर येतो म्हणे. माझ्या फोनला फक्त बटणे आहेत. बँकेला सांगितले तर बँक म्हणते, पेपरला सांगा. पेपरला फोन केला तर एक बाई म्हणते, चार दाबा. मी चार दाबले. तेव्हापासून गाणे ऐकतो आहे. मी मेल्यावरही हे लोक माझ्याकडून वर्गणी घेत राहतील याची मला खात्री आहे, म्हणून हे कलम सर्वांत आधी घातले.

पेपरचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला?

कलम २. राहते घर, म्हणजे पुढच्या तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगणातले चेरीचे झाड, हे सर्व नथातीला. झाडाच्या ज्या फांद्या मोलुपेच्या अंगणात गेल्या आहेत त्यांची फळे तो वर्षानुवर्षे खात आला आहे. ती त्याला खाऊ द्यावीत. त्याला सांगूनही तो ऐकणार नाहीच.

कलम ३. पार्सल खात्यातला माझा चाकू शेजारी मोलुपे न्त्साने यास द्यावा. याच चाकूने मी सदतीस वर्षे पार्सलांची, आणि गाडी होती तोवर पेपरच्या गठ्ठ्यांची, दोरी कापली. नोकरीला लागलो तेव्हा पेपर ब्लूमफाँटेनहून गाडीने यायचे आणि गठ्ठे उचलण्यापलीकडे आमच्यासारख्या काळ्यांनी पेपरला हात लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. फाटका निघालेला अंक मी सदऱ्यात लपवून घरी आणायचो आणि लिनिओ, माझी बायको, तो मोठ्याने वाचून दाखवायची. पुढे आमच्याकडची पॅसेंजर गाडी बंद झाली, तेव्हा पेपर बसच्या टपावरून येऊ लागले. पाऊस असला की अर्ध्या बातम्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या. नंतर ते बेकरीच्या गाडीतून आले. त्या वर्षांत आमच्या पेपरला पावाचा वास होता. कसाही आला तरी मोलुपे कुंपणावरून हात घालून तो माझ्याआधी घ्यायचा. "मी फक्त मयतांचं पान बघतो, न्ताते," (आमच्याकडे मोठ्या पुरुषाला न्ताते आणि बाईला म्मे म्हणतात) असे म्हणायचा आणि शब्दकोडे भरून परत करायचा. तेही चुकीचे.

कलम ४. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही, पण याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

१९९६ पासून वस्तीत पेपर घरोघर पोचवण्याचे काम मामोलेफी त्सियू या बाईंकडे होते. त्या बेकरीच्या गाडीवरून गठ्ठा उतरवून घ्यायच्या आणि जुन्या बाबागाडीत घालून सकाळी साडेसहाला निघायच्या. आमच्यात मोठ्या माणसाला वस्तू द्यायची तर दोन्ही हातांनी देतात. मामोलेफी पेपरही तसाच द्यायच्या. दारात टाकून गेल्या असे कधी झाले नाही. दार वाजवायचे, माणूस बाहेर येईपर्यंत थांबायचे, त्याच्या हातात पेपर ठेवायचा, रात्री झोप लागली का विचारायचे आणि मग पुढचे घर. दार उघडले नाही तर मागच्या खिडकीशी जाऊन हाका मारायच्या. लिनिओला साखरेचा आजार होता. एकदा मी स्टेशनवर असताना ती चुलीपाशी गळून पडली होती. मामोलेफींनी खिडकीतून आत शिरून तिला साखरपाणी पाजले आणि मग उशीर झाला म्हणून तीस घरांची बोलणी खाल्ली.

महिनाअखेर वर्गणी गोळा करायलाही त्याच यायच्या. या टेबलाशी बसून चहा घ्यायच्या, लिनिओने तळलेले कणकेचे गोळे, मक्वेन्या, खायच्या आणि पावती फाडायच्या. त्या वसुलीतला ठरलेला भाग हीच त्यांची मिळकत. पेपर पोचवण्याचे वेगळे काही मिळत नव्हते. हे मला माहीत होते. म्हणूनच पुढे जे झाले त्यात मला काहीच माहीत नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

कलम ५. माझा पुतण्या मोजालेफा यास, ज्याला भाऊ वारल्यावर सहाव्या वर्षापासून मी आणि लिनिओने वाढवले, शिकवले, माझे नाव सांगून पेपरच्या वितरण कचेरीत चिकटवले, त्यास घरातला कोणताही हिस्सा मिळणार नाही. जुने मृत्युपत्र टाइप करून देणारा तो हाच. आमच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थच वारस असा आहे. भावाने मोठ्या हौसेने ठेवले होते.

मे २०१६ मध्ये तो टाय लावून आला. हातात माझ्या आवडीचे सुके पीच आणि फॉर्मांचा गठ्ठा.

"न्ताते, एकदा इथे सही केली की झालं. दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातील. सुट्ट्यांची कटकट नाही, पावती नाही."

"आणि म्मे मामोलेफी?"

"तिचीच तर सोय बघतोय. पैसे घेऊन वस्तीतून फिरायचं, कोणी लुटलं म्हणजे? आता नुसता पेपर द्यायचा. कंपनी पगार बांधून देणार आहे तिला."

"शब्द देतोस?"

"तुमच्याशी खोटं बोलेन मी? तुमच्या घरात वाढलोय ना?"

लिनिओ भांडी पुसत होती. ती म्हणाली, "पैसे घ्यायलाच कोणी येणार नसेल, तर पेपर द्यायला तिला कशाला ठेवतील रे?"

"मोठी आई, तुला यातलं कळत नाही," असे तो हसून म्हणाला. मीही हसलो. ते हसणे मला आज टोचते.

वस्तीतले लोक सही करीनात. खात्यातून परस्पर पैसे गेल्याचा अनुभव इथे घरोघरी आहे. कोणाचा विमा, कोणाचा फोन, कोणाला तर काय घेतले तेही ठाऊक नाही. तेव्हा मोजालेफा म्हणाला, "न्ताते, तुम्ही नुसते बरोबर चला. तुमचा शब्द कोणी मोडत नाही." मी चर्चचा कोट घातला. तीन शनिवार त्याच्याबरोबर हिंडलो. प्रत्येक दारात सांगितले, "मी केली आहे सही. बाईंचं काम जाणार नाही, हलकं होईल." त्रेसष्ट घरांनी सह्या केल्या. मामोलेफींच्या दारातही मी हेच बोललो. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती.

ऑगस्टमध्ये त्यांना दोन ओळींचे पत्र आले. दुसऱ्या दिवसापासून शहरातला एक मोटारसायकलवाला कुंपणावरून पेपर फेकू लागला. मामोलेफी रिकामी बाबागाडी घेऊन आमच्या फाटकाशी आल्या, आत आल्या नाहीत.

"न्ताते, काम हलकं होईल म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. "झालं बघा हलकं."

मी मोजालेफाला फोन लावला. तो म्हणाला, "धंदा असाच असतो, न्ताते. त्यांना काढायचं आधीच ठरलं होतं. मी नसतो तर दुसऱ्या कुणी सह्या आणल्या असत्या."

"मग दुसऱ्या कुणाच्या तोंडून वदवायचं होतंस. माझं तोंड कशाला वापरलंस?"

यावर त्याने मीटिंग आहे असे सांगून फोन ठेवला. दर सहीमागे त्याला काय मिळाले ते मला नंतर समजले. आकडा लिहीत नाही, लाज वाटते.

कलम ६. जुलै २०१८ मध्ये डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी ब्लूमफाँटेनला गेलो. एका दिवसाचे काम होते. रक्तदाब चढला म्हणून चार दिवस ठेवून घेतले. घरी फोन लावला, लिनिओने उचलला नाही. वस्तीत वीज नव्हती, फोन बंद पडला असेल असे मला वाटले. मोलुपे त्या आठवड्यात बहिणीच्या मयतासाठी नदीपलीकडे लेसोथोत होता. मी परत आलो तेव्हा अंगणात चार पेपर पडले होते, एकावर एक. लिनिओ स्वयंपाकघरात होती. ती पहिल्याच सकाळी पडली असावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असावी, असे डॉक्टरांनी सांगितले. मी विचारले म्हणून सांगितले. विचारायला नको होते.

मोटारसायकलवाल्याचा दोष नाही. फेकायचे आणि निघायचे, एवढेच त्याला सांगितलेले होते. आधीच्या चार पेपरवर पाचवाही त्याने नेम धरून टाकला असता. पण साडेसहाला कोणी दार वाजवले असते तर माझी बायको आज असती. ते दार वाजणे मी बंद केले, चर्चचा कोट घालून, तीन शनिवार.

हे चारही पेपर मी दोरीने बांधून कपाटात वरच्या फळीवर ठेवले आहेत. ते मोजालेफाला द्यावेत. मयताला तो कंपनीच्या नावाचे फुलांचे चक्र घेऊन आला होता. त्याच्या बदल्यात ही माझी भेट. घड्या मोडलेल्या नाहीत.

कलम ७. परसातल्या दोन खोल्या, त्यांचा नळ आणि मागचे स्वतंत्र फाटक, हे सर्व मी मामोलेफी त्सियू यांना कायमचे देतो. त्या सध्या ओढ्याकडेला पत्र्याच्या खोपटात राहतात. लिनिओच्या मयताला त्या आल्या, दिवसभर बायकांबरोबर अंगणात ढीगभर भांडी घासली आणि मला न भेटता गेल्या. त्यानंतर मी तीनदा त्यांच्याकडे गेलो. पहिल्यांदा दार उघडले नाही. दुसऱ्यांदा बाहेरच उभ्या उभ्या चहा दिला. तिसऱ्यांदा मी सरळ माफी मागितली. त्या म्हणाल्या, "थंडी फार आहे, न्ताते. घरी जा."

या खोल्या मी उदारपणाने देत नाही. मला त्यांची माफी हवी आहे आणि माझ्याकडे देण्यासारखे एवढेच आहे, हे मी कबूल करतो. नथातीला हे मी समजावले आहे. तिची हरकत नाही.

कलम ८. माझ्या मृत्यूची बातमी त्या पेपरात देऊ नये. नथातीने त्रेसष्ट घरी जाऊन तोंडी सांगावे. नुसते त्लाली गेला एवढेच सांगू नये. २०१६ साली त्याने तुमच्या दारात दिलेला शब्द खोटा निघाला, हेही प्रत्येक दारात सांगावे. काही घरे बंद असतील, काही माणसे गेली असतील. तिथल्या शेजाऱ्यांना सांगावे. मला जिवंतपणी हे जमले नाही. सात घरांपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

कलम ९. वर न लिहिलेले जे काही उरेल, आणि ज्याची वाटणी काही कारणाने फसेल, ते सर्व नथातीला.

खालच्या सह्यांपूर्वी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे.

साक्षीदार म्हणून मी मोलुपेला आणि चर्चच्या सेक्रेटरींना आज दहाला बोलावले होते. कलम सातविषयी आधी कळावे म्हणून मोलुपेकरवी मामोलेफींना निरोप धाडला होता. सेक्रेटरींच्या आधी त्याच आल्या. सात वर्षांत प्रथमच घरात आल्या आणि म्हणाल्या, "सगळं वाचून दाखवा." मी पहिल्या ओळीपासून वाचले. कलम सहापासून पुढचे मोलुपेने वाचले. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "दुसरा साक्षीदार कोण?"

"सेक्रेटरी येतायत."

"त्यांना परत पाठवा. मी करते सही."

"म्मे, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तसा कायदा आहे. तुम्ही सही केलीत तर खोल्या जातील."

"माहीत आहे. परवा कोर्टातल्या कारकुनाला विचारून आलेय मी."

मोलुपे ओरडला, "वेड लागलंय का तुम्हाला? आधी खोल्या घ्या, मग हवं तेवढं रागवा!"

"खोल्या घेतल्या तर उद्या सगळं मेकेलेंग म्हणेल, मामोलेफीचं मिटलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मिटलेलं नाही, न्ताते. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटतही नाही. पण तुम्ही लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. तुमच्या पुतण्याने उद्या म्हटलं की म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, तर नाही म्हणणारं कोणी पाहिजे."

मी दोनदा विनवले. सेक्रेटरी आले, त्यांना मोलुपेने फाटकातूनच परत लावले. आम्हा दोघांच्या सह्यांनंतर मामोलेफींनी आधीच्या प्रत्येक पानावर सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

सबब कलम सात आता निरुपयोगी झाले आहे. खोल्या कलम नऊप्रमाणे नथातीकडे जातील. मोलुपेही साक्षीदारच, म्हणून कलम तीनमधला चाकू मी आत्ताच त्याच्या हातात ठेवला. ते कलम मी खोडलेले नाही. मी काय देऊ केले आणि ते कोणी नाकारले, हे वाचणाऱ्याला कळावे.

ठिकाण: घर क्रमांक ११४८, मेकेलेंग, फिक्सबर्ग
दिनांक: १७ जून २०२३, शनिवार

लिहून देणार: त्लाली अब्राम मोकितिमी (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष आम्ही केली:

१. मोलुपे न्त्साने (सही). धंदा: निवृत्त.

२. मामोलेफी त्सियू (सही). धंदा: घरोघर पेपर देणे.